न हुंगलेलं लाकूड

अलीकडे माझ्या सुनेला आणि तिच्या मैत्रिणींना चुलीवरच्या जेवणाचं वेड लागलं आहे. नागपूरबाहेर हमरस्त्याच्या कडेला कोणीतरी शेतात मांडव घालतं, पाच-दहा चुली पेटवतं, आणि चांगल्या घरच्या बायका रविवारी नटूनथटून तिथे जातात, धुराचा वास लागलेली भाकर खातात आणि डोळे मिटून "अहाहा" म्हणतात. मलाही एकदा नेलं होतं. पहिला घास तोंडात घेतला आणि पोटात ढवळून आलं. सुनेला वाटलं भरीत तिखट लागलं, तिने माझ्यापुढे ताकाचा पेला सरकवला. तिला काय सांगणार? लाकूड या वस्तूचीच मला किळस आहे. सालीखाली वळवळणारे पांढरे किडे, वाळवीने थापलेली ओलसर माती, हिरव्या फांदीच्या टोकातून चुलीत फसफसत येणारा फेस, यातलं काहीच मला विसरता आलेलं नाही. लोकांना म्हणे त्या धुराने बालपण आठवतं. मलाही आठवतं, म्हणूनच तर ढवळतं.

आमचं गाव बालाघाटहून लालबर्ऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याशी होतं. बाबा भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत कामाला होते. तिथे चौघांत मिळून एक खोली, तिच्यात बायकापोरांना कुठे नेणार, म्हणून माय आणि आम्ही दोघी बहिणी गावातच राहिलो. बाबा आठवड्याला सायकलवर यायचे. आले की आधी अंगणाच्या कडेला बसून नाक शिंकरायचे, आणि ते काळंशार निघायचं. माय ते राखेने झाकायची आणि तोच हात धुऊन भात वाढायची. भात, लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी, थंडीत जवसाची चटणी, आणि सकाळी रात्रीच्या भाताची पेज. शेजारच्या घरी ढेंकी होती, ती पहाटेपासून धान कांडायची, तिच्या धपधप आवाजाने मला जाग यायची. जाग आली की पहिला विचार मनात यायचा तो आज लाकडं आणायची पाळी आहे का, हा. पाळी जवळजवळ रोजच असायची. ताईचं लग्न होऊन ती तिरोडीला गेली तेव्हापासून तर माझीच.

लाकूड विकत घ्यायचं ते शहरातल्या लोकांनी. आम्हाला निस्तार होता, म्हणजे घरापुरतं वाळलेलं, गळून पडलेलं लाकूड जंगलातून फुकट उचलायचा गावकऱ्यांचा हक्क. कुऱ्हाड मात्र न्यायची नाही. कुऱ्हाड दिसली की जंगलखात्याचा नाकेदार ती काढून घ्यायचा आणि वर हिंदीतून चार शिव्या. त्यामुळे मेलेलं, पडलेलं, कुजायला लागलेलं तेवढंच आमच्या वाट्याचं. फुकटचं म्हणून सगळं सारखं नसतं, हे त्या जंगलात जाणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. सावर आणि पळस पेटायचेच नाहीत, नुसते धुमसत राहायचे. मोई ओकल्यासारखी फसफसायची. वावळीची ओली फांदी मोडली की असा वास यायचा की माणसाने तोंड फिरवावं. तेंदू चांगला जळायचा पण ठिणग्या उडवायचा, लुगड्याला भोकं पाडायचा. मगरीच्या पाठीसारख्या सालीचा साजा रोजच्या स्वयंपाकाला उत्तम. आणि सगळ्यांत वरचा धावडा. जड, टणक, धूर कमी, निखारा तासन्तास टिकणारा. धावड्याची मोळी डोक्यावर घेऊन येणाऱ्या बाईकडे दुसऱ्या बायका जरा वेगळ्याच नजरेने बघायच्या.

हे सगळं मला सगुणामावशीने शिकवलं. ती आमच्याच वस्तीतली, विधवा, मूलबाळ नसलेली. गावाची दाई तीच आणि जंगलात पोरींना घेऊन जाणारीही तीच. तिच्याइतकी घाणेरडी बाई मी तोवर पाहिली नव्हती. दात काळे, पदराला तंबाखूचा वास, चालता चालता पचकन थुंकायची. कुठलंही लाकूड दिसलं की ते नाकाशी न्यायची, नखाने खरवडायची, पुन्हा हुंगायची, आणि तरी कळलं नाही तर कपची मोडून जिभेला लावायची. मग थुंकायची आणि नाव सांगायची. त्याच लाकडावर कोल्ह्याने काय केलंय, पाखरांनी काय केलंय, याचं तिला काही नव्हतं.

"हुंग," म्हणायची आणि फांदी माझ्या तोंडाशी धरायची.

मी मान फिरवायची. "नोको व मावशी, घाण हाय."

"नाक का पेटीत ठेवाले देल्लं हाय तुले?" ती हसायची, आणि ते दात दिसायचे. "अव, पान तं उन्हाळ्यात राहत नाही. साल वाळवी खाऊन टाकते. मंग वळखाचं कायनं? लाकूड मेलं तरी वास नाही मरत. आंधी नाकानं पाह्य, मंग नखानं, मंग हातात घेऊन."

मी डोळ्यांनी शिकले. साल, रंग, गाठी, फांद्यांची ठेवण हे सगळं मला पटकन पाठ झालं, आणि दुसऱ्या पोरींपेक्षा लवकर झालं म्हणून मी जरा शेफारलेही. हुंगायचं मात्र मी कधी मनावर घेतलं नाही. मावशी बघत असली की नाकाशी नेल्यासारखं करायचं आणि लाकूड मोळीत टाकायचं. तिला वाटायचं पोरगी तयार झाली.

ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली ती होळीनंतर, जंगल अगदी उघडंबोडकं झालेलं असताना. मुलगा झाला. सगुणामावशीनेच सोडवलं, अडलेलं बाळंतपण होतं, दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत मावशी ताईच्या पायाशी बसून होती. ताई वाचली ती तिच्या हातांनी, हे माय त्या दिवशी दहा जणींना सांगत होती. मग घरात बाळंतिणीचे वास सुरू झाले. सुंठ, लसूण, डिंक, ओवा, उकळलेली निरगुडी, आणि त्या सगळ्याखाली दुधाचा आणि रक्ताचा एक कोमट वास. मी नाकाला ओढणी लावूनच आत जायची. ताई रडकुंडीला येऊन म्हणायची, "काहून व, माह्यी घीन येते का तुले?" यायचीच, पण मी नाही म्हणायची.

आमच्याकडे बाळंतिणीला रोज न्हाणं झालं की शेक द्यायचे. खोलीतल्या चुलीत लाकूड जाळायचं, निखारे लोखंडी घमेल्यात काढायचे, घमेलं बाजेखाली सारायचं, आणि वर बाळ-बाळंतीण गोधडी पांघरून. दार-झरोका सगळं बंद. मावशीने पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "शेकाले धावडाच पायजे. दुसरं काडीभर नाही चालत. बंद खोली हाय, लेकराचे डोळे हायत. एक एक लाकूड हुंगून आनजो."

धावडा होता तो नाल्याच्या काठाला. तिथे एक जुनं झाड वाळून उभं होतं आणि खाली त्याच्या फांद्या पडलेल्या होत्या, आठ दिवस पुरल्या असत्या. पण नाल्यात बैल मरून पडला होता. गावच्या पाटलाकडचा बैल. आमच्या लोकांनी बुद्ध धम्म घेतला तेव्हापासून मेलेली गुरं ओढणं सोडलं होतं, आणि ते आम्ही ताठ मानेने सोडलं होतं. गावाने मात्र आपला बैल आपण ओढायचा, हे काही मनावर घेतलं नव्हतं. आम्ही थकू आणि मुकाट येऊ म्हणून वाट बघत बसले होते. तोवर बैल फुगला, फुटला, कुत्र्यांनी ओढून काढलेलं सगळं धावड्याच्या बुंध्यापर्यंत आलं. आजही त्या गावाचं नाव कोणी काढलं की मला आधी तो बैल आठवतो. स्वतःच्या घरचं जनावर स्वतःच्या हाताने पुरायची ज्यांना लाज वाटते, त्यांच्याबद्दल मला तेव्हाही शिसारी होती आणि आताही आहे.

चार दिवस मी ओढणी तोंडाला बांधून तिथून धावडा आणला. पाचव्या दिवशी काठावर गेले आणि उलटी झाली. तशीच मागे फिरले आणि डोंगराच्या अंगाला चढले. तिथे मोहाच्या झाडांच्या पलीकडे एक मोडलेली मोठी फांदी आणि तिचे तुकडे पडलेले दिसले. साल पूर्ण गेलेली, वाळवीची माती थापलेली, मधेच पाखरांची घाण. रंग राखाडी, धावड्यासारखाच. गाठींशी काळे डाग होते. मोह वेचायच्या आधी लोक झाडाखालचा पालापाचोळा जाळतात, त्याचीच झळ लागली असणार असं मी ठरवून टाकलं. हुंगायचं माझ्या मनातही आलं नाही. ती वाळवी, ती घाण नाकाशी न्यायची? मी वेलाने मोळी बांधली आणि डोक्यावर घेतली. मोळी हलकी लागली. धावडा हलका नसतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मला बरं वाटलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने बाळाला तेल लावलं, ताईला न्हाऊ घातलं आणि ती दुसऱ्या वस्तीत एक बाई अडली होती तिकडे धावत गेली. शेक मायने दिला. धूर जरा जास्त झाला, डोळे चुरचुरले, माय म्हणाली लाकूड दमट असंल. दुपारी ताईच्या पापण्या सुजल्या. संध्याकाळपर्यंत तोंड एवढं फुगलं की डोळे दिसेनात. आणि बाळ. त्याच्या गालावर, मानेवर, काखेत आधी लाल चट्टे आले, मग पाण्याचे फोड, ते फुटून चिकट पिवळं पाणी वाहायला लागलं, आणि त्याला फडकं चिकटायचं. फडकं काढलं की कातडी यायची. ते रडायचं सोडून नुसतं कुंथत होतं. ताईला दिसत नव्हतं, ती हाताने चाचपत विचारायची, "माह्यं लेकरू कुठं हाय? ते रडत काहून नाही?" मी दारात उभी होते. मला त्या दोघांकडे बघवत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर दयेने नव्हे, किळसेने.

दुसऱ्या सकाळी लालबर्ऱ्याहून एक कंपाउंडर सायकलवर आला. त्याने दारातूनच पाहिलं आणि म्हणाला, "ये तो भिलावा है. किसने लगाया बच्चे को?"

भिलावा म्हणजे बिब्बा. क्षणात सगळ्या बायकांच्या तोंडी एकच नाव आलं. दायांच्या बटव्यात बिब्बा असतोच. लेकराच्या पोटात दुखलं की बेंबीजवळ त्याचा ठिपका देतात, बाळंतिणीला गुळातून खाऊ घालतात. मावशीने तेलात बिब्बा मिसळला, जास्त झाला, उतला. सरळ हिशोब होता. मी मात्र अंगणात गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. माझ्या मानेला कालपासून खाज होती. मोळीतला सुरवंट चावला असेल असं मी समजत होते. हात लावून पाहिला तर बारीक फोड आलेले. ज्या अंगाला मोळी टेकली होती, त्याच अंगाला.

त्या संध्याकाळी माय माझी वेणी घालायला बसली. तिने केस वर उचलले आणि तिचा हात थांबला. मग ती उठली, खोबरं किसून, वाटून आणलं आणि माझ्या मानेला चोळलं. बिब्बा उतला की खोबरंच लावतात. ताईला आणि बाळाला दुपारपासून तेच लावत होते. मग मायने माझी वेणी रोजच्यासारखी घट्ट न घालता सैल घातली, मानेवर पसरली, आणि वरून ओढणी नीट केली.

"मावशी येईन उद्या," एवढंच ती म्हणाली. "तू घरात राह्य. मधी मधी बोलू नोको."

तिसऱ्या दिवशी तिरोडीहून ताईची सासू आली. बाई तोंडाची फटकळ होती. तिने फडकं उचलून नातवाला पाहिलं. मग मावशीला बोलावलं. मावशी आली, तिने आधी बाळ मांडीवर घेतलं, त्याच्या काखेला नाक लावलं, पापण्या उघडून बघितल्या. म्हणाली, "डोळे वाचले. लेकरू जगते."

"तुह्या हातून वाचलं म्हून जगते!" सासू ओरडली. "काय लावलं व माह्या नातवाले? बोल!"

"बिब्बा मी आनलाच नाही बाई, तं लावीन कुठून?" मावशी म्हणाली. मग तिला काय वाटलं कोण जाणे, बाळ खाली ठेवून ती चुलीपाशी गेली. तिथे एक अर्धवट जळलेलं लाकूड होतं. तिने ते उचललं, नखाने खरवडलं, नाकाशी नेलं आणि झटक्यात दूर धरलं. "हा धावडा नोहय," ती म्हणाली. "हे बिब्याचं लाकूड हाय. हे शेकाले कोनं जाळलं?" आणि हळूहळू वळून तिने माझ्याकडे पाहिलं. "कोनं आनलं?"

तिच्या नजरेत राग नव्हता. मी बोलेन म्हणून ती थांबली होती. माझ्या मानेवर ओढणीखाली पुरावा होता, नुसती ओढणी बाजूला केली असती तरी झालं असतं. मी जमिनीकडे बघत राहिले.

बोलली ती माय. "आमच्या घरी बिब्याचं लाकूड कोन आनीन? लहान लेकरू हाय का कोनी इथं, बिब्बा न वळखणारं? सगुणा, आपलं पाप माह्या चुलीत नोको घालू."

मावशीने मायकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. लाकूड चुलीपाशी ठेवलं, पदराने हात पुसले आणि निघून गेली. बाळंतपण केल्याबद्दल दाईला द्यायचं बाराव्या दिवसाचं लुगडं तिला मिळालं नाही. त्यानंतर आमच्या वस्तीतली एकही बाई तिला बाळंतपणाला बोलवीना. पोरी तिच्याबरोबर जंगलात जाईनात. ती समोरून आली की बायका कडेवरच्या लेकराचं तोंड पदराआड करायच्या. यात माझी मायही होती.

बाळ बरं झालं. ताई सासरी जायच्या आदल्या दिवशी मी मायला न राहवून म्हटलं, "माय, ते लाकूड मीच आनलतं."

"मले मालूम हाय," ती म्हणाली. ती तांदूळ निवडत होती, तिने वरही पाहिलं नाही.

"मंग?"

"मंग काय? तुह्या ताईले तिथं जलमभर राहाचं हाय. तुह्यं लगन व्हाचं हाय. सगुणाले ना लेकरू ना सासर. तिचं काय जाते?"

मी तिच्या हाताकडे बघत होते. त्याच हाताने तिने मला खोबरं लावलं होतं. त्या रात्री तिने कालवलेला भात मला गिळवेना. आणि दुसऱ्या दिवशी गिळला.

मावशीला मी एकदाच गाठलं, जंगलात, कोणी नसताना. ती एकटीच मोळी बांधत होती. मी सगळं सांगून टाकलं, रडले, मला माफ कर म्हणाले. तिने माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि बाजूला थुंकली.

"मले काहून सांगतं?" ती म्हणाली. "मले तं मालूमच हाय. जा, तुह्या मायच्या आंगनात उभी राह्य, चार बायका बोलाव आन् तिथं सांग. इथं झाडाझुडपात सांगून का होते?"

मी हौ म्हटलं. खरंच करायचं ठरवून मी डोंगर उतरले. अंगणात माय आणि शेजारणी पापड लाटत होत्या. मीही हात धुऊन पापड लाटायला बसले. पावसाळ्याच्या आधी मावशी गाव सोडून वैनगंगेपलीकडे भावाकडे गेली. तिथे तिला कोणी दाई म्हणून बोलावलं की नाही, ती कशी जगली, कधी मेली, मी विचारलं नाही. विचारायला कोणी नव्हतं असं नाही.

ते बाळ म्हणजे माझा भाचा, आता स्वतः आजोबा झाला आहे. त्याच्या गालापासून मानेपर्यंत काळसर डाग राहिला तो राहिलाच. गेल्या वर्षी त्याच्या नातवाच्या नामकरणाला आम्ही सगळे जमलो होतो. ताई नाही, माय तर कधीच गेली. आता या गोष्टीतलं खरं जाणणारी मी एकटीच उरले आहे. मला घाबरायला कोणाचं सासर नाही, कोणाचं लग्न नाही. जेवणानंतर नव्या सुनांपैकी एकीने हळूच विचारलं, बाबांच्या गालावर हे कसलं हो? सगळे माझ्याकडे बघायला लागले, सगळ्यांत म्हातारी मी, मलाच ठाऊक असणार.

"ते होय?" मी म्हणाले. "गावातल्या एका दाईनं बिब्बा लावला होता."

"बाई गं," ती म्हणाली, "तेव्हाच्या बायका किती अडाणी असतील ना?"

मी हो म्हणाले.